भाव उतरला की चव उतरते

आंब्याचा मराठी हंगाम तोंडात नव्हे, वर्तमानपत्रात सुरू होतो. वाशीच्या बाजार समितीत नाहीतर पुण्याच्या मार्केट यार्डात हापूसची पहिली पेटी येते. पेटीला हार घालतात, उदबत्ती लावतात, बोली काही हजारांत जाते. घेणारा फोटोत हसतो. आंबा हसत नाही, कारण तो अजून हिरवा असतो.

मग तीन-चार महिने आपण त्या फोटोच्या मागे धावतो. डझनाला दीड हजार मोजले की आंबा ‘अमृत’. आठशेला मिळाला तर ‘बरा निघाला’. चारशेवर आला की ‘यंदा काही खरं नाही बुवा’. आणि मे महिना संपता संपता, पोटभर ऊन खाऊन, पाडाला येऊन तो हातगाडीवर बसतो तेव्हा आपण त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. ‘झाले आता आंबे खाऊन!’ असं म्हणून सफरचंदाच्या गाडीकडे वळतो. सफरचंद न्यूझीलंडचं असतं. त्यावर स्टिकर असतो. स्टिकर असला की आपल्याला जीवनसत्त्वं जास्त वाटतात.

आपली जीभ थेट बाजारभावाला जोडलेली आहे. भाव चढला की तिला पाणी सुटतं, उतरला की ती कोरडी पडते. वैद्यकशास्त्रात या विकाराला नाव नाही. बाजारात आहे: गिऱ्हाईक.

* * *

खरं तर उन्हाळ्याचं शेपूट हाच खाण्याचा सगळ्यात सुखाचा काळ. मेचा शेवटचा आठवडा ते मृग लागून जमीन भिजेपर्यंत. या दिवसांत बाजारात काय नसतं? रायवळ आंबे, उशिराची पायरी, मराठवाड्याचा केसर, मागून येणारा नीलम, करवंदं, जांभळं, फणस, ताडगोळे, लोणच्याच्या कैऱ्या, ओली कोकमं.

या मंडळींचे गुन्हेही ठरलेले. एक, स्वस्त असतात. दोन, डाग पाडतात. तीन, टिकत नाहीत. आणि चौथा गुन्हा सर्वांत गंभीर, तो म्हणजे ती कुणाला भेट देता येत नाहीत. साहेबांच्या घरी हापूसची पेटी पाठवता येते. जांभळांची पाटी पाठवून बढती मिळाल्याचं ऐकिवात नाही.

* * *

हापूसबद्दल वाईट बोलायची माझी छाती नाही. रत्नागिरीत नातेवाईक आहेत. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांना. जिल्हे पाच, पेट्यांवर छापलेलं गाव मात्र बहुतेक वेळा एकच. कर्नाटकातला आंबासुद्धा घाट ओलांडताना देवगडचा होतो. माणसाला अधिवासाचा दाखला मिळवायला महिने लागतात, आंब्याला एक पुठ्ठ्याचं खोकं पुरतं.

या राजाच्या पोटात कधीकधी साका निघतो. वरून सोनं, आत पांढरा स्पंज. त्यावर उपाय म्हणून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी नीलम आणि हापूस यांचा संकर करून ‘रत्ना’ ही जात काढली. सालही सांगतो, 1981. साका नाही, गर भरपूर. चाळीस वर्षं उलटून गेली, पण ‘रत्ना आहे का?’ असं विचारणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचं आहे. नावात रुबाब नाही. रत्ना म्हटलं की शेजारच्या काकू आठवतात, आणि काकूंना कोण डझनाला हजार देणार?

नीलमची गत त्याहून वाईट. ‘नीलममध्ये भुंगा असतो,’ असं म्हणून लोक नाक मुरडतात. असतो की, पण कोयीत असतो. आपण कोय खात नाही. आणि पाऊस पडला की फळमाशीची पिलावळ गरात शिरते, हेही खरं. त्यावरचा उपाय आजीला ठाऊक होता: चोखायचा नाही, कापून, बघून खायचा. आपल्याला सुरी सापडत नाही, म्हणून आपण आंबाच सोडतो.

आणि गंमत बघा. सीझनच्या तोंडावरचा हिरवा माल घाईघाईने पिकवला जातो, तेव्हा आपण डोळे मिटून खातो. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, इथिलीन वायूला मर्यादेत परवानगी आहे. पण फळवाल्याला ‘कशाने पिकवलाय?’ असं विचारायची आपल्याला लाज वाटते. तो महाग आहे ना, मग चांगल्याच संस्कारांत पिकला असणार. झाडावर पिकलेल्या रायवळाची मात्र आपण डेखापासून बुडापर्यंत उलटतपासणी घेतो.

* * *

घाटरस्त्याच्या कडेला पळसाच्या पानांचे द्रोण मांडून बसलेल्या बाईशी चालणारा संवाद दर उन्हाळ्यात तोच असतो. गाडी थांबते. काच अर्धी खाली येते. एसी वाया जाऊ नये म्हणून अर्धीच.

‘मावशी, करवंदं कशी दिली?’

‘वाटा वीसला, दादा.’

‘वीस? अहो, रानात फुकट लागतात ही!’

‘मग रानातनंच घ्या की. काटे बी फुकट हायेत.’

काच वर जाते. पुढे अर्ध्या तासावर हाच दादा हॉटेलात बसतो आणि जांभळाचा ‘शॉट’ मागवतो. बोटभर ग्लास, काठाला मीठ-तिखट, आत जांभळाचा गर, बर्फ आणि साखर. किंमत इतकी, की त्यात मावशींची अख्खी पाटी आली असती आणि वर आशीर्वाद मिळाला असता. तो शॉट दादा मान मागे टाकून पितो, जीभ बाहेर काढतो आणि जांभळ्या जिभेचा फोटो घेतो. लहानपणी याच जिभेवर याच जांभळाचे डाग घेऊन घरी गेल्यावर पाठीत धपाटा मिळायचा. आता लाइक मिळतात. प्रगती म्हणतात ती हीच.

* * *

हॉटेलांकडे वळू या. मोठ्या हॉटेलच्या नाश्त्याला ‘सीझनल फ्रूट’ नावाचा एक कोपरा असतो. जानेवारीत जा, तिथे कलिंगड, पपई, अननस. मे महिन्यात जा, कलिंगड, पपई, अननस. भर पावसाळ्यात जा, तरी कलिंगड, पपई, अननस. आपल्याकडे तीन ऋतू आहेत असं शाळेत शिकलो, ते बहुधा यावरूनच.

त्याच हॉटेलाच्या खिडकीतून बाहेर पाहिलं तर कुंपणापलीकडे जांभळाचं झाड असतं. खाली सडा पडलेला. रखवालदार रोज सकाळी झाडूने तो ढकलत असतो, कारण पाहुण्यांच्या बुटांना डाग लागतात. आत त्याच वेळी एक पाहुणा फ्रोझन ब्लूबेरी चमच्याने दह्यात कालवत असतो आणि बायकोला सांगत असतो, अँटिऑक्सिडंट असतात यात.

* * *

मग येतो ‘मँगो फेस्टिव्हल’. हा सण गुढीपाडव्याच्या आसपास बसतो आणि 31 मे रोजी उठतो, कारण मेनूकार्ड तेवढ्यापुरतंच छापलेलं असतं. म्हणजे आंबा खिशाला परवडेना तेव्हा फेस्टिव्हल, आणि रस्त्यावर ढीग लागले की पुढचा कार्यक्रम, ‘मॉन्सून भजी धमाका’. दरम्यान मँगो पनीर टिक्का, मँगो मोमो आणि मँगो पिझ्झा होऊन गेलेले असतात. आंब्याची एवढी विटंबना साका पडूनसुद्धा होत नाही.

थाळीच्या हॉटेलांत ‘आमरस अनलिमिटेड’ची पाटी लागते. वाट्या भरल्या जातात. रंग झेंडूसारखा एकसारखा, दाटपणा एकसारखा, गोडी एकसारखी. घरच्या रसाची मात्र दोन दिवस सलग एक चव लागत नाही. एका आंब्यात आंबटसर वळण, दुसऱ्यात रेषा, तिसऱ्यात नुसता वास. अनलिमिटेड रस कुठून आला, हे कळायला वाढप्याला एकच प्रश्न विचारावा.

‘रस कुठल्या आंब्याचा?’

‘हापूस, सर.’

‘जूनच्या दुसऱ्या आठवड्यात?’

‘एकदम फ्रेश, सर. आत्ताच डबा फोडला.’

या वाढप्यावर माझा विश्वास आहे. डबा खरोखरच आत्ता फोडलेला असतो. तीन किलोचा असतो. त्यावर छापलेली तारीख मागच्या वर्षीची असली तरी फोडण्याची वेळ आजचीच असते.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मंडईत केसर आणि पायरीचे ढीग असतात. पण खरा आंबा वापरायचा तर माणूस लागतो. तो आंबे माचवणार, पिळणार, रेषा गाळणार, एखादा आंबट निघाला की बाजूला काढणार. डब्याला ओपनर लागतो. ओपनर पगार मागत नाही.

* * *

घरी तरी काय वेगळं? मध्यमवर्गीय घरांतल्या डीप फ्रीझरमध्ये मेपासून डबे रचले जातात. प्रत्येकावर चिकटपट्टी, ‘रस, मे’. तो दिवाळीला काढायचा असतो. दिवाळीला फराळ जास्त होतो. मग संक्रांतीला. संक्रांतीला तीळ असतात. मार्चमध्ये नवा आंबा येतो तेव्हा जुना रस बर्फाची वीट होऊन गुपचूप कचऱ्यात जातो. ताजा रस खायच्या दिवसांत जो साठवत बसतो, त्याला शिळा रस खायची संधीही मिळत नाही.

आमच्या आज्या साठवणीच्या बाबतीत पटाईत होत्या, पण त्यांचा फ्रीज उन्हात असे. रस ताटाला लावून गच्चीवर वाळवला की आंब्याची साटं. बरक्या फणसाचा रस आटवून, वाळवून फणसपोळी. कैरीच्या फोडी वाळवून आंबोशी. आज हे करायचं तर सोसायटीच्या गच्चीला कुलूप. किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी गावी. गावाला तो साटं आणायला गेलेला.

आणि फजिता! फजिता विसरलात? रस काढून झाल्यावर कोयी आणि सालं पाण्यात कोळून घ्यायची, ते पाणी ताकात मिसळायचं, बेसन लावून कढी करायची, वरून फोडणी. आंब्याचा शेवटचा कण वसूल. एखाद्या शेफने ही कढी काचेच्या ग्लासात ओतून तिला ‘झीरो वेस्ट मँगो ब्रॉथ’ म्हटलं, तर आपण रांग लावून साडेचारशे रुपये मोजू. आईने केली की म्हणतो, ‘सालांचं पाणी काय पाजतेस?’

* * *

फणसाचं दुःख मोठं. केरळने 2018 साली त्याला राज्यफळाचा मान दिला. आपण त्याला कोकणी माणसाच्या स्वभावाचं उदाहरण म्हणून निबंधात ठेवलं आणि हात झटकले. बाहेरून काटे, आतून गोड. हे वाक्य लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी हाताला तेल लावून, चीक पुसत, अख्खा फणस फोडला असेल? आम्हाला गरे हवेत, तेही सोललेले, निवडलेले, प्लॅस्टिकच्या डबीत, काप्याचे. बरका नको, तो घशातून सुळकन उतरतो आणि मग सभ्यपणा राहत नाही. आठळ्या तर कचऱ्यातच जातात. त्या धुऊन, वाळवून ठेवल्या असत्या तर श्रावणात अळूच्या भाजीत पडल्या असत्या. मग तेव्हा आपणच विचारतो, ‘हॉटेलच्या अळूला ती चव का नाही?’

तोच फणस ‘व्हीगन टॅको’ म्हणून समोर आला की आपण भारावतो. ‘अगदी मटणासारखं लागतं!’ म्हणतो. बिचाऱ्याने आयुष्यभर फणसासारखं लागायचा प्रयत्न केला.

* * *

विदर्भातल्या रानात याच दिवसांत टेंभरं पिकतात आणि चाराची फळं गळतात. टेंभुर्णीच्या झाडाची ओळख आपल्याला विडीपुरती, पानापुरती. फळ असतं हेच कुणाला माहीत नाही. चाराचं तर आणखी मजेशीर. त्याच्या बीमधली चारोळी आपण बोटांनी मोजून श्रीखंडावर टाकतो, कारण ती महाग. ज्या फळाच्या पोटातून ती निघते ते आंबटगोड फळ मात्र रानातच खाल्लं जातं किंवा वाया जातं. शहराला बी हवी, फळ नको. आदिवासी भागाशी आपला एकूणच व्यवहार याच धर्तीवर चालतो, पण ते या सदराच्या शब्दमर्यादेत बसत नाही.

* * *

कोकमाचा जीव तर पावसाच्या तारखेवर टांगलेला. फळं पिकतात मे महिन्यात, अर्धी झाडावर असतानाच आभाळ भरून येतं. सालं त्यांच्याच रसात बुडवून, पुन्हा पुन्हा उन्हात घालून आमसुलं करायची, तर ऊन पाहिजे. मुंबईत मॉन्सूनची ठरलेली तारीख 11 जून. 2025 साली तो 26 मे रोजीच हजर झाला. सरकारी खात्यांना जमत नाही ते ढगांनी करून दाखवलं: वेळेआधी काम. आमसुलं वाळवणाऱ्यांचं काय झालं असेल, याची चिंता कुणी केली नाही. आम्ही भजी तळत होतो.

इकडे हॉटेलातली सोलकढी बारमाही गुलाबी. कोकमाचं पीक बुडो की उभं राहो, तिचा रंग ढळत नाही. घरच्या आगळाचा रंग कधी फिका, कधी काळपट. हॉटेलातल्या सोलकढीची तब्येत कायम उत्तम असते, म्हणूनच तिची काळजी वाटते. माशाच्या ताटाबरोबर ती ‘फुकट’ मिळते, आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीत कोकम घालण्याइतका उदार मालक विरळा.

* * *

तक्रारी पुरे. या आठवड्यात करायच्या गोष्टी सांगतो.

मंडईत सकाळी जाऊ नका, तेव्हा भाव ताठ असतात. उन्हं उतरल्यावर जा. आभाळात ढग असतील तर आणखी चांगलं, फळवाल्याला घरी पळायचं असतं. रायवळ असतील तर हाताने दाबू नका, नाकाने घ्या. लोणच्याच्या कैऱ्या घेतल्या तर तिथेच अडकित्त्यावर फोडून मागा. घरच्या सुरीने कोय फोडायला जाल तर आधी दवाखाना गाठाल. जांभळं घरी आणून धुवा, मीठ लावून थोडी हलवा, पांढरा शर्ट काढून ठेवा आणि खा. ताडगोळे सालासकट खाऊ नका, पण सोलताना सगळं पाणी सांडेल इतकं सभ्यही होऊ नका.

बाहेर जेवायला जाल तर मेनूकार्ड मिटून ठेवा आणि विचारा, ‘आज बाजारातून काय आणलंय?’ बहुतेक ठिकाणी वाढपी मॅनेजरकडे बघेल, मॅनेजर छताकडे बघेल. एखाद्या खानावळीत मात्र आतून आवाज येईल, ‘फणसाची भाजी आहे थोडी, घरच्यापुरती केलीय, वाढू का?’ तिथे बसा. बूट बाहेर काढा.

या बाबतीत गोव्याकडून शिकण्यासारखं आहे. मडगावला पावसाआधी पुरुमेंताचं फेस्त भरतं. लोक सुकी मासळी, मिरच्या, सोलं, चिंच अशी पावसाळ्याची बेगमी करून घरी नेतात. साठवण म्हणजे काय, हे त्यांना फ्रीझरच्या आधीपासून ठाऊक आहे. आणि तिथल्या ताव्हेर्नांत काजूच्या बोंडांच्या रसाची उर्राक मिळते. पहिल्या धारेची, हलकी, न टिकणारी. बोंडं आहेत तोवर आहे. जूनमध्ये जाऊन मागा, गल्ल्यामागचा पात्राव, म्हणजे मालक, मान हलवून म्हणेल, ‘सोंपली.’ आता पुढच्या वर्षी. तो दिलगिरी व्यक्त करत नाही, मॅनेजरला बोलावत नाही, ‘सर, तसंच दुसरं देऊ का?’ म्हणत नाही. संस्कार शिकवायला आपल्याला गुरुकुलं काढावी लागली. हंगामाची नीती एका दारूच्या गुत्त्याने सांभाळली.

हंगामाशी इमान राखणारं हॉटेल ओळखायची खूण एवढीच. तिथे अधूनमधून ‘नाही’ म्हणतात. जुलैत आमरस मागितला तर नाही, एप्रिलमध्ये अळू मागितलं तर बघतो. असं हॉटेल सापडलं तर परत जा, चार माणसांना सांगा, आणि कृपा करून घरी आल्यावर मोबाइलवर ‘आमरस उपलब्ध नव्हता’ असं लिहून दोन तारे कापू नका. तुमच्यासारख्यांच्या त्या दोन ताऱ्यांना घाबरूनच मालक बारा महिने ओपनर हातात धरून उभा असतो.